सातवा विषय : नाटक आणि तांबं

प्रत्येक सेमिस्टरला आपल्याला पाच-सहा विषय असतात. त्यांचा सिलॅबस असतो, जर्नल असतं, सबमिशन असतं आणि शेवटी व्हायव्हा असते. पुण्यात चार वर्षं काढणाऱ्या हॉस्टेलाइटला आणखी एक विषय घेता येतो. त्याला ना इंटर्नल, ना एक्स्टर्नल. तो म्हणजे या गावात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे चाललेली नाटकं आणि रविवारी भरणाऱ्या हस्तकलेच्या कार्यशाळा. आता तुम्ही म्हणाल, इथे ‘केटी’ निघत नाहीत आणि नाटकं कसली बघताय! पण जरा थांबा. हा विषय आपल्या ब्रँचला किती जवळचा आहे, ते दोन युनिटमध्ये सांगते.

युनिट १ : एका तासाची एकांकिका

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. साधारणपणे पावसाळ्यात, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात ती रंगते. कॉलेजची पोरंच नट, पोरंच बॅकस्टेज, आणि एकांकिका तासाभरात संपवायची. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर हा फिक्स्ड डेडलाइनचा, लो बजेट प्रोजेक्ट! ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी ऐकूनच थिएटरबाहेर अंगावर काटा येतो.

पण ही नुसती आरडाओरड नाही हं. २०२२ साली परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकांकिका नाही असं सांगून मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. मला यात आपल्या क्वालिटी कंट्रोलची आठवण येते. आलेल्या मालातला त्यातल्या त्यात बरा पीस निवडायचा, की ठरलेल्या मापाला उतरला तरच पास करायचा? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. कॅन्टीनमध्ये वाद घालून बघा, चहा थंड होतो.

नाटक बघताना नवख्या माणसाने काय बघावं? मी तीन गोष्टी बघते.

पहिली, प्रकाश. नटाच्या डोळ्यांकडे बघा. दिवा थेट डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. अगदी समोर असेल तर चेहरा सपाट दिसतो. म्हणून समोरून, दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून प्रकाश टाकायची पद्धत आहे. त्यात दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण एक चतुर्थांश उरतो. म्हणजे नट दोन पावलं मागे सरकला तर लाइटवाल्याने काय करायचं, हे फिजिक्स ठरवतं.

दुसरी, आवाज. हॉलचा रिव्हर्बरेशन टाइम घनफळाबरोबर वाढतो आणि शोषणाबरोबर कमी होतो. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना वाक्य घुमतं. प्रयोगाला खुर्च्या भरल्या की माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पिऊन टाकतात. म्हणून चांगला नट वाक्यातला शेवटचा शब्द सोडून देत नाही. सेमिनारला आपण नेमकं तेच करतो!

तिसरी, काय नाही ते. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी याच भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि संगीत भास्कर चंदावरकरांचं. त्यात माणसांची गाणारी, डोलणारी रांग हाच पडदा. रांग फुटली की मागचं दृश्य दिसतं, जुळली की झाकलं जातं. भिंत नाही, दरवाजा नाही, सुताराचं बिल नाही. कमीत कमी मटेरियलमध्ये जास्तीत जास्त काम, याला डिझाइन नाही तर काय म्हणायचं?

मोठ्या थिएटरची सवय झाली की एकदा शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर जा. जागा छोटी, नट हाताच्या अंतरावर. तिथे नवीन संहिता, नवीन मुलं दिसतात. सगळंच आवडेल असं नाही. माझ्या रूममेटला एक नाटक अजिबात कळलं नाही, पण त्यावर ती मेसमध्ये आठवडाभर बोलत होती.

माझं स्वतःचं म्हणाल तर शाळा पूर्ण कॉन्व्हेंट. मराठी वाचताना माझं बोट अजूनही ओळीखालून फिरतं. पण स्टेजवरची मराठी वाचावी लागत नाही, ती थेट येऊन धडकते. वऱ्हाडी, कोल्हापुरी, मालवणी अशी सगळी मराठी मी आधी नाटकात ऐकली आणि मग लक्षात आलं की ती आपल्याच कॉरिडॉरमध्ये, शेजारच्या रूममध्ये रोज बोलली जाते.

युनिट २ : तांबट आळी

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून इथे तांब्याची भांडी घडवली जातात. गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. मी एका रविवारी तांब्याच्या कामाच्या कार्यशाळेत जाऊन बसले. मटेरियल सायन्सच्या पेपरात ‘वर्क हार्डनिंग’वर पानभर लिहिलं होतं, पण ते हाताला कळलं ते तिथे.

तांब्याच्या पत्र्याची चकती लोखंडी आधारावर धरून ठोकायची. सुरुवातीला ती लोण्यासारखी वळते. हळूहळू हट्टी होते, हातोडी उसळी मारते. कारण स्फटिकांमधली डिसलोकेशन्स एकमेकांत गुंतत जातात. तरीही ठोकत राहिलं तर कडेला चीर पडते. मग भांडं तापवायचं आणि ते पुन्हा मऊ होतं. हेच आपलं ॲनीलिंग. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण मऊ व्हायला त्याच्या बरंच खाली काम भागतं.

मी विचारलं, “काका, कधी तापवायचं ते कसं कळतं?” ते म्हणाले, “आवाज बदलतो की गं पोरी.” ना हार्डनेस टेस्टर, ना मायक्रोस्कोप!

शेवटी येतं मठारकाम. भांड्याच्या अंगभर हातोडीचे बारीक, एकसारखे ठोके. आपल्याला ती नक्षी वाटते. पण त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं सहज चेपत नाही आणि बारीक उंचसखलपणाही झाकला जातो. शोभा आणि ताकद एकाच ठोक्यात. माझे ठोके मात्र खड्ड्यांच्या रस्त्यासारखे दिसत होते, ती गोष्ट वेगळी.

आणि कल्हई. आंबट पदार्थ तांब्यात ठेवला तर तांबं त्यात उतरतं, म्हणून आतून कथिलाचा थर. भांडं तापवायचं, नवसागराने घासून ऑक्साइड काढायचा आणि कथील फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कापसाच्या बोळ्याने बघता बघता सगळीकडे पसरतं. सोल्डरिंग लॅबमधला फ्लक्स आणि हा नवसागर, दोघांचं काम एकच.

आता थोडं गंभीर. दोन तासांत माझे कान वाजायला लागले. ज्यांनी आयुष्यभर हे ऐकलं त्यांच्या कानांचं काय होत असेल? स्टीलने स्वयंपाकघरातून तांबं बाहेर काढलं, मशिनवरची भांडी स्वस्त पडतात, आणि घरातली पुढची पिढी नोकरी बघते. त्यांना दोष कसा द्यायचा? आपणही तेच बघतोय. पण आवाज कमी करणारा आधार, हाताला कमी झटका देणारी मूठ, धूर बाहेर नेणारी भट्टी, हे फायनल इयरचे प्रोजेक्ट होऊ शकत नाहीत का? मात्र आधी तिथे बसून बघावं लागेल, विचारावं लागेल. फोटो काढून परत येण्याने काही होत नाही. आणि हो, वस्तू घेताना फार घासाघीस करू नका.

आता प्रॅक्टिकल

सगळं खरं, पण गेटचं काय? मुलांचं गेट रात्री दहाला बंद होतं आणि आमचं साडेआठला. संध्याकाळच्या दोन एकांकिका बघायच्या तर दुसरी आम्ही अर्ध्यात सोडून रिक्षा शोधतो. शेवट रात्री मुलांकडून फोनवर कळतो. म्हणजे एकाच तिकिटात त्यांना पूर्ण नाटक आणि आम्हाला मध्यंतरापर्यंतचं.

रेक्टर मॅडमची काळजी आम्हाला कळते. त्यांना रात्री घरच्यांचे फोन येतात, जबाबदारी त्यांचीच असते. म्हणून नुसती तक्रार न करता एक प्रस्ताव मांडते. महिन्यातून दोनदा, किमान दहा जणींचा ग्रुप, बरोबर दोन सीनिअर, जाण्यायेण्याची एकच ठरलेली गाडी, घरच्यांची सही आधीच घेतलेली. परत आल्यावर तिकिटाचा तुकडा रजिस्टरला चिकटवायचा. एक टर्म करून बघूया. जमलं नाही तर बंद करा.

नाटकाचा शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे लॅबमधली रीडिंग्ज शेजाऱ्याची उतरवणं. जर्नल पूर्ण होतं, पण प्रयोग आपण केलेला नसतो.