टिचकीची शर्यत : अडथळे घडविण्याचा एक पाठ

वसतिगृहातील रविवारच्या दुपारी कॅरमबोर्ड एक आणि त्याभोवती उभी मुले तीस, हे दृश्य माजी विद्यार्थ्यांच्या चांगलेच परिचयाचे असेल. खेळणार चौघे, उरलेले पाहणार. आणि पाहणाऱ्यांत पाचवी-सहावीची मुले नेहमीच अधिक. या गर्दीतूनच आमच्या विज्ञानाच्या तासाला एक उपक्रम मिळाला. त्याची हकीकत येथे देत आहे.

लाकडी चकत्यांना टिचकी मारून त्या वळणावळणाच्या मार्गावरून पुढे न्यायच्या, असा एक मेजावरील शर्यतीचा खेळ युरोपात लोकप्रिय आहे. ज्यां द्यु पोएल यांनी रचलेला हा खेळ १९९६ साली जर्मनीत ‘काराबांदे’ या नावाने निघाला. पुढे फ्रान्समधील एका प्रकाशकाने तो ‘पिचकार’ या नावाने आणला. नियम मोजकेच आहेत. आपल्या पाळीला एकच टिचकी मारायची. बोटाने चकती ढकलत न्यायची नाही. चकती मार्गाबाहेर गेली, तर ती पूर्वीच्या जागी परत ठेवायची आणि पाळी वाया गेली असे मानायचे. शर्यतीपूर्वी प्रत्येकाने एक फेरी एकट्याने पूर्ण करायची. ज्याला सर्वांत कमी टिचक्या लागतील, तो सर्वांत पुढे उभा राहील. आठ जण एकाच वेळी खेळू शकतात, हे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

विकतचा संच आम्हांला परवडणारा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. कॅरमच्या जुन्या सोंगट्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या १५ सें.मी. रुंदीच्या पट्ट्या कापल्या, वळणांवर दुहेरी पुठ्ठ्याचे कठडे चिकटविले, आणि भोजनगृहातील मेजे जोडून त्यांवर मार्ग मांडला. पट्ट्यांच्या सांध्यांवर कागदी पट्टी चिकटविणे मात्र आवश्यक ठरले. पुठ्ठ्याची उचललेली कड सोंगटीला भिंतीसारखी अडविते.

मार्ग सिद्ध होताच मुलांना अडथळे हवेसे वाटू लागले. पाठाचा खरा भाग येथून सुरू झाला.

पहिला अडथळा म्हणजे दोन खांबांचे दार. सोंगटीचा व्यास सुमारे ३.१ सें.मी.; मुलांनी दार ठेवले ४.५ सें.मी.चे. दिसायला ते पुरेसे रुंद होते, तरीही सोंगट्या खांबांवर आदळू लागल्या. तेव्हा फळ्यावर आकृती काढली. सोंगटी नेमकी मधून गेली तर दोन्ही बाजूंना उरते जेमतेम ७ मि.मी. जागा. दारापासून ४० सें.मी. अंतरावरून टिचकी मारली, तर नेम एका अंशानेही चुकून चालत नाही. दार सोंगटीच्या दुप्पट, म्हणजे ६.२ सें.मी. केले, तेव्हा चुकीला दोन अंशांहून किंचित अधिक मुभा मिळाली. नववीचे त्रिकोणमिती शिकताना कंटाळलेले विद्यार्थी त्या दिवशी स्वतःहून कोनमापक घेऊन बसले.

दुसरा अडथळा उडीचा. सातवीतील एका विद्यार्थ्याने तो एकट्याने घडविला. चार सें.मी. उंच, पायाशी दहा सें.मी. लांब असा चढ, पुढे पाच सें.मी.ची खिंड आणि पलीकडे उतरण्याची फळी. काम देखणे होते. पण तो स्वतः आणि दहावीची दोन-तीन मुले यांच्याखेरीज कोणालाही ती खिंड ओलांडता येईना. पाचवीची मुले चार वेळा प्रयत्न करून मेजापासून दूर झाली. पुन्हा कॅरमच्या वेळचेच चित्र. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो रास्तही होता. “मोठी झाली की जमेल त्यांना,” असे तो म्हणाला. मी त्याला चढ कमी करण्यास सांगितले नाही, मोजण्यास सांगितले.

घर्षण बाजूला ठेवले, तरी चार सें.मी. चढण्यासाठी सोंगटीला सेकंदाला सुमारे ८९ सें.मी. वेग हवा. दोन सें.मी.साठी ६३ पुरतो, आणि ऊर्जा निम्मीच लागते. शिवाय त्याच्या चढाचा कोन जवळजवळ बावीस अंशांचा होता; सोंगटीची पुढची कड पायथ्याशीच आपटून वेग हरवून बसे. लांब चढावर घर्षण वाढेल, अशी शंका एकाने काढली. ती चांगली होती. परंतु तेवढेच आडवे अंतर सपाट मार्गावर कापतानाही जवळपास तेवढीच ऊर्जा घर्षणात जाते.

खिंडीचे गणित त्याने स्वतःच शोधले. सोंगटीचा मध्य काठाबाहेर जाईपर्यंत ती पडत नाही. म्हणून दीड सें.मी.हून अरुंद फट ती हळू चालतानाही ओलांडते आणि उडी उरतच नाही. फट रुंद असेल आणि वेग कमी, तर मध्य काठाबाहेर जाताच पुढची बाजू झुकून सोंगटी कोलमडते. दोन दिवसांनी त्याने नवा चढ आणला : उंची दोन, लांबी वीस, खिंड तीन सें.मी., आणि उतरण्याची फळी काठापेक्षा अर्धा सें.मी. खाली. जुना चढ त्याने कोणी न सांगता करवतीने कापला. कापताना तो कोणाशी बोलला नाही.

त्यानंतर मुलांनीच एक कसोटी ठरविली. पाचवीच्या विद्यार्थ्याने दहा टिचक्या माराव्यात. तीन तरी पार व्हाव्यात. दहावीच्या विद्यार्थ्याच्या दहाही पार झाल्या, तर तो अडथळाच नव्हे. वेगाला आवर घालणारे गोणपाटाचे तुकडे या कसोटीला सहज उतरले. (पॉलिशकागद वापरू नये, सोंगट्यांचा तळ खरवडला जातो.) सायकलच्या जुन्या ट्यूबचे कठडे मात्र वादग्रस्त ठरले. लाकडावरून सोंगटी ज्या कोनात येते, जवळपास त्याच कोनात परतते. रबर तिला धरून ठेवते, फिरविते, आणि दिशा आधी सांगता येत नाही. काहींना यातच गंमत वाटली. आपली चूक कोठे झाली हे ज्यात खेळणाऱ्याला कळत नाही, तो अडथळा ठेवू नये, असे त्या सातवीच्या विद्यार्थ्याचे म्हणणे पडले. मतदान झाले आणि ट्यूब दोन मतांनी हरली.

सध्या झुलत्या पुलाचे काम चालू आहे. तो अद्याप कसोटीला उतरलेला नाही. कापलेल्या जुन्या चढाचा तुकडा भोजनगृहातील डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखाली बसविला आहे. शर्यतीचा आरंभ त्याच मेजावरून होतो.