जीप सुरू होईना, तर काय पाहाल?

आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे. नगर शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते 1994 साली सुरू झाले. तिथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार ठेवली आहे. ती नुसती पाहायची. तुमच्या दारातली महिंद्राची पेट्रोल जीप मात्र अजून चालवायची आहे. रात्री आजारी माणूस घेऊन निघालात आणि करंजी घाटात ती बंद पडली, तर? तिथे मिस्त्री कुठून आणाल?

जीप बंद पडली, की चार माणसे जमतात. एक म्हणतो, धक्का मारा. दुसरा म्हणतो, कार्बोरेटर खोला. आम्ही म्हणतो, आधी काही खोलू नका. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांतले काय कमी आहे ते आधी शोधा.

प्रथम बॅटरीची टोके पाहा. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर पुसून घट्ट करा. कधी दुखणे एवढेच असते.

मग प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला आहे? मग पेट्रोल येते, ठिणगी पडत नाही. कोरडा आहे? मग पेट्रोलच पोचत नाही. तोंड काळ्या काजळीने भरले, तर पेट्रोल जास्त जाते. तपकिरी रंग असला, तर ठीक चालले आहे. प्लग म्हणजे इंजिनाची जीभच. वैद्य जीभ पाहतो, तसा तो पाहावा.

प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांवर चिठ्ठ्या बांधा. रेडिएटरकडून 1, 2, 3, 4 असे आकडे घाला. आता तुम्हाला ते लिहिता येतात. या जीपमध्ये ठिणगी 1, 3, 4, 2 अशा क्रमाने पडते. वायरी बदलल्या, तर इंजिन फटफट करील, पण चालणार नाही. अशा चुकीपायी लोकांनी चांगली इंजिने खोलली आहेत!

ठिणगी नसेल, तर डेल्कोचे झाकण उघडा. आत दोन पॉइंट आहेत. मधला दांडा फिरतो, तसे ते उघडतात व मिटतात. ते काळे पडले असतील, तर बारीक पॉलिश पेपरने घासा. पूर्ण उघडल्यावर फट अर्धा मिलिमीटर हवी. ती गेजने मोजा, डोळ्याने नको. फट बदलली, की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून नंतर टायमिंग पाहून घ्या. साफ केलेले पॉइंट पुन्हा लवकर जळाले, तर कंडेन्सर बदला.

उन्हाळ्यात घाट चढताना वेगळेच होते. नळीतले पेट्रोल उष्णतेने वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही. जीप गुदमरून थांबते. अशा वेळी इंजिन बंद करा, पंपावर ओले फडके ठेवा आणि सावलीत थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच काढू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. कोणी कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून स्टार्टर मारतात. हा आगीशी खेळ आहे. आमच्या मते त्यापेक्षा जीप ओढून न्यावी.

स्लो लावायचा, तर इंजिन गरम झाल्यावरच लावा. मिश्रणाचा स्क्रू हळू आत घ्या. इंजिन अडखळू लागले, की थोडा बाहेर आणा. जिथे ते एकसारखे चालेल, तिथे सोडा.

आता एक नवी गोष्ट. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळू लागले. ते उसापासूनही होते, म्हणजे त्यात आपल्या भागाच्या उसाचाही वाटा आहे. पण जुन्या जीपचे रबर त्यासाठी केलेले नाही. नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ पडू शकतो, फुगू शकतो. जीप फार दिवस उभी राहिली, तर इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. म्हणून दर महिन्याला नळी बोटांनी दाबून पाहा. ती चिकट लागली किंवा पेट्रोलचा वास आला, तर त्याच दिवशी बदला. दुकानात इथेनॉल चालणारी नळी मागा, आणि जुन्या नळीचा तुकडा मापाला सोबत न्या.