गिरणीतील विजेची मोटार : जोडणी, वापर व दक्षता

आपल्या संघाच्या स्मरणिकेत धर्मचिंतन, बाजारभाव व करविषयक लेख नित्य येतात. यंदा आम्ही एक रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. आपल्यापैकी कोणाची भातगिरण आहे, कोणाची पिठाची चक्की, कोणाचा तेलघाणा, तर कोणी हरमलच्या प्रसिद्ध मिरचीचे कांडप करून देतो. ह्या सर्व धंद्यांचा चालक आज एकच आहे व तो म्हणजे विजेची मोटार. आम्ही इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. परंतु यंत्राचा मालक म्हणून जे शिकलो, त्यातील काही मोल देऊन शिकलो, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आमच्या बालपणी पेडणे भागातील गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले. इंजिनाचा आवाज गावभर ऐकू जाई आणि इंजिनापासून जात्यापर्यंत लांबलचक पट्टा फिरत असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६३ साली सरकारचे वीज खाते स्थापन झाले आणि पुढे हळूहळू खेड्यापाड्यांत तारा पोहोचल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांना तर १९१५ सालीच खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज मिळू लागली होती. निकोला टेस्ला यांनी प्रवर्तन मोटारीचे पेटंट १८८८ साली घेतले. आज आपल्या गिरणीत घुमते ती मोटार तिचीच वंशज होय. आपल्या महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि त्याच घराण्याने १९४६ साली बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा कारखाना काढला. इंजिन आवाज करी, धूर सोडी, तापे. त्याचे भय सर्वांस वाटे. मोटार मात्र निमूटपणे काम करते. तिच्याविषयी आपण गाफील राहतो ते ह्यामुळेच.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘यंत्रपीडन’ हेही एक सांगितले आहे. तीळ, ऊस आदी पदार्थ यंत्रात पिळण्याचा तो धंदा. काळाच्या ओघात आपल्यापैकी अनेकांनी यंत्राचे धंदे पत्करले, त्याची चर्चा येथे करीत नाही. परंतु ज्याने यंत्र पत्करले त्याच्यावर अप्रमादाचे बंधन दुप्पट आले, हे उघड आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे. धान्यातील किडा मरू नये म्हणून आपण सूप घेऊन धान्य शोधतो; मग त्याच वखारीतील गड्याच्या जिवाविषयी बेफिकीर राहणे कोणत्या धर्मात बसते?

हे आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी हरमल येथील आमच्या वखारीत भात साफ करण्याच्या यंत्रास १० अश्वशक्तीची मोटार होती. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. एक हमाल ओल्या पायांनी आत आला आणि पोते टेकविताना त्याने यंत्राच्या लोखंडी सांगाड्यास हात लावला. हात तेथेच चिकटला. दुसऱ्या गड्याने प्रसंगावधान राखून मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला; तळहात भाजला व आठ दिवस त्यास रुग्णालयात राहावे लागले. चौकशी करता असे दिसून आले की, मोटारीची भू-जोडणी, म्हणजे अर्थिंगची तार, विहिरीवरून येणाऱ्या जुन्या लोखंडी नळास बांधलेली होती. त्याच उन्हाळ्यात आमच्याच सांगण्यावरून तो नळ काढून प्लास्टिकचा घातला गेला होता. तार नळाच्या उरलेल्या तुकड्यास तशीच बांधलेली राहिली. दिसावयास जोडणी होती, जमिनीशी संबंध मात्र उरला नव्हता. पावसाच्या दमटपणाने मोटारीच्या गुंडाळीतून वीज सांगाड्यात उतरली आणि वाट न मिळाल्याने त्या गड्याच्या देहातून जमिनीत गेली. दोष नळ बदलणाऱ्याचा नव्हे, आमचाच होता.

अनेकजण विचारतात, ‘फ्यूज का उडाला नाही?’ येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. १० अश्वशक्तीची त्रिफेज मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराने सुमारे १४ अँपिअर प्रवाह घेते. मनुष्याचा प्राण घेण्यास मात्र १ अँपिअरचा विसावा हिस्सादेखील पुरेसा होऊ शकतो. एवढ्या अल्प प्रवाहाची फ्यूजला दादही नसते. फ्यूज तारांचे व मोटारीचे रक्षण करतो. मनुष्याचे रक्षण भू-जोडणी व गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण करते. हा भेद प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवावा.

भू-जोडणी

मोटारीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र व वेगवेगळ्या भू-जोडण्या असाव्यात, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत सांगितले होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या नियमांतही ते कायम आहे. दोन कशासाठी? एक तुटली तर दुसरी राहावी यासाठी. नळ, खिडकीचे गज वा छपराचा लोखंडी खांब ही भू-जोडणी नव्हे. तिच्यासाठी निराळा खड्डा व त्यात पुरलेली पट्टी अथवा नळी हवी.

आपल्या भागात दोन गोष्टी विशेष पाहाव्या लागतात. पहिली, आपली जमीन जांभ्या दगडाची. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा परीक्षा उत्तम उतरते. पण वैशाखात जांभा कोरडा पडला की तीच जोडणी निकामी होते. यास्तव भू-जोडणीचा रोध मे महिन्यात मोजून घ्यावा आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालीत जावे. दुसरी, समुद्राची खारी हवा. हरमलसारख्या किनाऱ्यावरील गावी लोखंडी पट्टी व नटबोल्ट लवकर गंजतात. वरून रंग चांगला दिसतो, आत जोड सुटलेला असतो. वर्षातून एकदा तरी प्रत्येक जोड उघडून, घासून, पुन्हा घट्ट करावा.

गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या उपकरणावर एक परीक्षेची कळ असते. ती महिन्यातून एकदा दाबून पाहावी. कळ दाबूनही उपकरण पडले नाही, तर ते असून नसल्यासारखेच होय. मोटारीस कोणत्या क्षमतेचे उपकरण लावावे हे परवानाधारक वायरमनकडून ठरवून घ्यावे. हातदिवा व साध्या प्लगांसाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे.

स्टार्टर व त्याचा रिले

प्रवर्तन मोटार थेट सुरू केली तर क्षणभर पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. म्हणून मोठ्या मोटारीस स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. त्याने सुरुवातीचा प्रवाह तिसऱ्या हिश्शावर येतो. पण जोरही तिसऱ्या हिश्शावर येतो, हे विसरू नये. जात्यात धान्य भरलेले असताना मोटार सुरू केल्यास ती फिरत नाही, नुसती घुमते व तापते. आधी मोटार, मग धान्य. आणि बंद करताना आधी धान्य, मग मोटार, हा क्रम गड्यांच्या अंगवळणी पाडावा.

तीनपैकी एक फेज गेली तरी चालती मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढीत राहते आणि अल्पावधीत जळते. हे टाळणारा ओव्हरलोड रिले स्टार्टरमध्ये असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो बहुधा गुंडाळीच्या मार्गात बसवितात व तेथे पाटीवरील प्रवाहाच्या केवळ ५८ टक्के प्रवाह वाहतो. म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीस रिले सुमारे ८ अँपिअरवर लावावा लागतो. अनेक ठिकाणी तो १४ वर लावलेला असतो. अशा रिलेचा उपयोग शून्य. रिले वारंवार पडत असल्यास त्याचा आकडा वाढवू नये, कारण शोधावे.

वीज गेली असता स्टार्टर आपोआप सुटतो व वीज परत आल्यावर मोटार स्वतःहून सुरू होत नाही, ही त्यातील मोलाची सोय होय. काही ठिकाणी हिरवे बटण काडी खुपसून अडकवून ठेवतात. वीज गेली म्हणून गडी जात्यात हात घालून साफ करीत असेल आणि तेवढ्यात वीज आली, तर काय होईल, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

हल्ली मोटारीचा वेग कमी-अधिक करणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हही बसविले जातात. ते बसविणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या पोटातील कॅपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो. यास्तव पाटीवर लिहिलेली मिनिटे जाऊ दिल्याशिवाय झाकण उघडू नये. ड्राइव्ह व मोटार यांच्या दरम्यान कॅपॅसिटर जोडू नये. आणि वीज येताच आपोआप सुरू होण्याची योजना गिरणीत बंद ठेवावी.

पट्टा, पदर व किल्ली

मोटारीचा पट्टा व पुली यांवर भक्कम जाळीचे आवरण असावे. आपल्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन स्त्रिया येतात, सोबत मुले येतात. पदर, ओढणी, उपरणे क्षणात ओढले जाते. पट्टा घसरतो म्हणून आवरण काढून ठेवणे व चालत्या पट्ट्यास हाताने राळ लावणे, ह्या दोन्ही सवयी आजच सोडाव्यात. लाल बटण गिऱ्हाइकांच्या उभे राहण्याच्या जागेपासूनही दिसावे व हाती लागावे.

यंत्रात हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे आणि किल्ली जो मनुष्य हात घालणार त्याच्याच खिशात असावी. मालकाच्या गल्ल्यात नव्हे. फ्यूज काढला असल्यास तोही त्याच्याच खिशात असावा. ह्या एका नियमास खर्च एका कुलुपाचा आहे.

धूळ व पावसाळा

पीठ, कोंडा व तूस यांची धूळ मोटारीच्या पाखांत बसली की वारा अडतो व गुंडाळी तापते. धुळीचे दुसरे भय अग्नीचे. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी २ मे १८७८ रोजी पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन वॉशबर्न गिरणी उद्ध्वस्त झाली व १८ माणसे दगावली. आपल्या गिरण्या लहान असल्या तरी धुळीचा गुण तोच. धूळ रोज झाडावी, पूर्ण बंदिस्त मोटार घ्यावी, आणि उघडे जोड व ठिणगी पाडणारे जुने स्विच धुळीत ठेवू नयेत.

पावसाळ्यात मोटार काही आठवडे बंद राहिली असेल, तर सुरू करण्यापूर्वी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळीची परीक्षा करवावी. १ मेगओहमहून कमी भरल्यास मोटार सुकवून पुन्हा मोजावी. आमच्या वखारीत ही परीक्षा झाली असती, तर तो प्रसंग आलाच नसता.

प्रसंग आल्यास

विजेने धरलेल्या मनुष्यास हात लावू नये; प्रथम मेन स्विच पाडावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा व १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मनुष्य उठून बसला तरी त्यास वैद्याकडे न्यावे, कारण विजेचा परिणाम हृदयावर मागाहूनही दिसू शकतो.

येथे सांगितलेली सर्व जोडणी परवानाधारकाकडूनच करवावी. परंतु करवून घेणे व पाहणे हे दोन्ही मालकाचे काम आहे. मोटारीची किंमत विचारताना आपण घासाघीस करतो. भू-जोडणी, आवरण व कुलूप ही त्या किमतीचाच भाग मानावीत. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींत एक आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना व ठेवताना जीव दुखावणार नाही असे पाहणे हा तिचा आशय. गृहस्थाने निदान आपल्या गिरणीचा स्विच पाडताना व उचलताना तिचे स्मरण ठेवावे. तो हमाल आजही आमच्याकडेच आहे आणि मे महिन्यात भू-जोडणीच्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम तो कोणी सांगण्याची वाट न पाहता करतो. त्याच्याबरोबर आम्हीही उभे असतो.

जय जिनेंद्र.