फार्मसीचा प्रवेश : आधी आजोबांचा दाखला शोधा

वस्तीत कुणाला ताप आला, अंग दुखलं की आपण डॉक्टरच्या आधी मेडिकलवर जातो. चाकणला रात्रपाळी करून आलेला पोरगा कंबर धरून काउंटरसमोर उभा राहतो, "काहीतरी द्या" म्हणतो. पलीकडचा माणूस पट्टी कापून चार गोळ्या कागदात गुंडाळून देतो. गोळीचं नाव नाही, मुदत नाही. पुढे पोटात आग पडली, पाय सुजले की आया-बहिणी तोच कागद घेऊन आमच्याकडे येतात आणि पोटात नक्की काय गेलं हे आम्हालाही सांगता येत नाही.

म्हणून या वेळी आजाराबद्दल नाही, औषध देणाऱ्या माणसाबद्दल लिहीत आहोत. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर माणूस भलताच, असं कित्येक ठिकाणी दिसतं. तिथे आपल्या वस्तीतली शिकलेली मुलगी उभी असेल, तर ती आपल्या भाषेत "मावशी, ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही" एवढं तरी सांगेल.

औषधाचं काम आपल्या भागाला नवं नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ पासून इथे पेनिसिलीन बनू लागलं. आज संत तुकारामनगर, आकुर्डी, निगडी, मोशी, चिंचवड, ताथवडे अशा ठिकाणी फार्मसीची कॉलेजं आहेत. कॉलेज दारात आहे, तरी आपली बारावी सायन्स झालेली मुलं ठेकेदाराच्या यादीत नाव लिहून येतात. दर वेळी मार्क कमी पडतात असं नाही. बऱ्याचदा कागद कमी पडतात.

आधी अभ्यासक्रम थोडक्यात. डी. फार्मसी ही २ वर्षांची पदविका. प्रवेश बारावीच्या मार्कांवर, नंतर ५०० तासांचं प्रशिक्षण. बी. फार्मसी ही ४ वर्षांची पदवी, तिच्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. दोन्हींनंतर महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करून मेडिकल चालवता येतं, पण औषध निरीक्षकाच्या पदासाठी पदवीच लागते. ऐपत आणि मार्क असतील तर पदवीच करावी असं आमचं मत आहे. डी. फार्मसी झालेल्याला बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, तेव्हा तीही वाट बंद नाही. बी. फार्मसीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच, सोबत जीवशास्त्र किंवा गणित. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४०.

आता कागद. आपल्या घरांचा घोळ इथेच होतो.

१९५६ नंतर अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात "बौद्ध" आणि जातीच्या रकान्यातही "बौद्ध" लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याचा अभिमान आम्हाला समजतो. पण बौद्ध हा धर्म आहे आणि अनुसूचित जातींच्या यादीत जाती आहेत. त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी मूळ जात महार, मांग, चांभार जी असेल तिचा पुरावा मागतात. बाबासाहेबांनी ज्या नावाखालून बाहेर काढलं तेच नाव कागदावर शोधत फिरायचं, याचा पोरांना राग येतो. राग खरा आहे, पण त्या रागात फॉर्म भरायचा सोडून देऊ नका. एखादा दलाल म्हणेल, "धर्म हिंदू लिहा, काम पटकन होईल." अजिबात लिहू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातीचा हक्क केंद्रानेही मान्य केला आहे. उलट वडिलांच्या कागदावर एक धर्म आणि मुलाच्या कागदावर दुसरा आला की पडताळणीत प्रश्न वाढतात.

दुसरी तारीख ध्यानात ठेवा : १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जातीसाठी त्या दिवशी आपलं घराणं कुठे राहत होतं ते बघतात. म्हणजे आज आपण नाणेकरवाडीत किंवा भाटनगरात वीस वर्षं राहत असलो, तरी आजोबा तेव्हा बीड, लातूर किंवा वाशिमला असतील तर दाखला साधारणपणे तिकडच्या प्रांत कार्यालयातून निघतो. पुरावा म्हणून आजोबांचा किंवा त्यांच्या भावाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्ममृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे चालतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर वतनाचा कागद फार कामाला येतो. वडिलांच्या बाजूच्या कुणाला, सख्ख्या काकाला किंवा चुलत भावाला, जात वैधता मिळालेली असेल तर ती आधी मागून घ्या. वंशावळीसोबत ती जोडली की काम खूप हलकं होतं. भाऊबंदकीचं भांडण असेल तर तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून जा.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत देतात, वैधता जिल्हा जात पडताळणी समिती देते. अर्ज ऑनलाइन, बार्टीच्या संकेतस्थळावरून भरायचा आणि सोबत कॉलेजचं पत्र लागतं. हे पत्र ज्युनिअर कॉलेज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच देतं. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करा. निकालानंतर पळापळ केली तर वैधता हातात येईपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या उरकतात आणि पोरगं खुल्या गटात मोजलं जातं. काही वर्षी सरकार मुदत वाढवून देतं, पण तिच्यावर विसंबू नये.

सीईटीला घाबरायचं कारण नाही. जीवशास्त्राच्या गटात २०० प्रश्न, २०० मार्क. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. भर बारावीच्या पुस्तकांवर असतो. जीवशास्त्राच्या गटाचा पेपर मराठीतूनही देता येतो, हे मराठी माध्यमाच्या मुलांना कुणी सांगतच नाही. निकाल लागला की केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, वेगळी नोंदणी करावी लागते. सीईटी दिली म्हणजे झालं असं समजून घरी बसलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. कॅपमध्ये कागद तपासतात, गुणवत्ता यादी लागते, मग कॉलेजांची पसंती भरायची. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. तेव्हा पहिलं नाव नीट विचार करून टाका.

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की धरा : प्रवेश कॅपमधूनच घ्या. मॅनेजमेंटच्या जागेवर शिष्यवृत्ती मिळत नाही. "आत्ता भरा, नंतर परत मिळतील" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादाने बचत गटाचं कर्ज काढू नका. कॅपमधून आलेल्या आपल्या मुलांना घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वडील कंपनीत कायम आहेत, ओव्हरटाइम धरून आकडा वर गेला, म्हणून बरेच जण अर्जच करत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीशिप आहे. निर्वाह भत्ता मिळत नाही, पण शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं. दोन्ही अर्ज महाडीबीटीवर, दर वर्षी नव्याने. ठेकेदार पगाराची स्लिप देत नसेल तर तलाठ्याकडून चौकशी करून घेऊन तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा.

शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा आता मुलाच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतो. तो घरखर्चाचा पैसा नाही, कॉलेजची फी आहे. बहिणीच्या लग्नात किंवा गावच्या घरावर पत्रे टाकण्यात तो गेला तर बाकी मुलाच्या नावावर चढते.

शासकीय फार्मसी महाविद्यालयं कराड, रत्नागिरी, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. फी कमी असते. मुलगी लांब कशी पाठवायची, असं आया विचारतात. शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा, तिथे जागा नाही मिळाली तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात. मात्र कॉलेज असलेल्या शहरातच घर असेल तर स्वाधार मिळत नाही.

गावी जाणं होईल तेव्हा आजोबांच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे निर्गम उताऱ्याचा लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. जुनं रजिस्टर सापडत नाही म्हणाले तर तसं लेखी मागा, आणि तालुक्याला जाऊन कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाकून या. एसटीचं भाडं दोनदा पडू नये.