हेमंतांतील ऊब

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली, कीं विद्यार्थ्यांच्या मनावर एक प्रकारची उदासीनता पसरते, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. फराळाचे डबे रिकामे झालेले असतात, सहामाही परीक्षेचे गुण हातीं आलेले असतात, आणि खेळ रंगांत येतो न येतो तोंच मैदानावर अंधार पडतो. अशाच एका सायंकाळीं वसतिगृहांतील एका लहान विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, आतां संध्याकाळ इतक्या लवकर कां होते?" प्रश्न भूगोलाचा होता, परंतु विचारणाऱ्याचा कंठ दाटलेला होता. त्याचे आईवडील दिवाळी होतांच ऊसतोडीसाठीं परमुलखीं गेले होते, आणि दिवेलागणीच्या वेळींच त्याला घराची आठवण अधिक होत असे. त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां आम्हांस जें सुचलें, तें आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आज योजिलें आहे.

प्रथम भूगोलाचें उत्तर पाहूं. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तर गोलार्धांत दिवस सर्वांत लहान असतो. पुण्याकडे तो सुमारें ११ तासांचा, तर डेन्मार्क देशांतील कोपनहेगन शहरीं अवघा ७ तासांचा असतो. परंतु येथें एक गंमत आहे, व ती पुष्कळ मोठ्या माणसांनाहि ठाऊक नसते. आपल्याकडे सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्या दिवशीं नसतोच. तो नोव्हेंबरच्या अखेरीस होऊन गेलेला असतो. याचें कारण असें कीं, डिसेंबरांत एका मध्याह्नापासून दुसऱ्या मध्याह्नापर्यंतचा काळ २४ तासांहून किंचित् अधिक, २२ तारखेच्या सुमारास जवळजवळ अर्धा मिनिट अधिक, भरतो. त्यामुळें घड्याळाच्या मानानें मध्याह्नच रोज थोडा पुढें सरकतो, आणि त्याच्याबरोबर सूर्यास्तहि. उजाडण्यास मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत अधिकाधिक उशीर होत जातो. म्हणजे कडाक्याची थंडी पडण्यापूर्वींच संध्याकाळ वाढूं लागलेली असते!

हें ऐकून त्या मुलानें वर्तमानपत्रांतील सूर्यास्ताची वेळ रोज वहींत टिपण्यास आरंभ केला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत तो धांवत आला व म्हणाला, "सर, संध्याकाळ तीन मिनिटांनीं लांबली!" तीन मिनिटें म्हणजे कांहीं मोठें धन नव्हे. परंतु जो लक्षपूर्वक पाहतो, त्यालाच तें मिळतें. लहान लहान सुखांचें रहस्य यांतच आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां थंडीकडे वळूं. शरद् ऋतु आश्विन-कार्तिकाचा, आणि हेमंत मार्गशीर्ष-पौषाचा. युरोपांत या दिवसांत झाडांचीं पानें गळून जातात. आपल्या देशावर मात्र रब्बीची जोंधळ्याचीं शेतें हिरवीं डोलत असतात, आणि पानगळ पुढें शिशिरांत येते. पावसाळ्यांत रात्रीं उबदार असतात, कारण ढग हें पृथ्वीचें पांघरूणच होय. दिवसा तापलेल्या जमिनीची उष्णता रात्रीं आकाशाकडे जाऊं लागते, व ढग ती अडवून धरतात. कार्तिकांत आकाश निरभ्र व हवा कोरडी होते. पांघरूण निघून जातें, आणि पहांटेपर्यंत जमीन गार होऊन गवतावर दंव पडतें.

पृथ्वीचें पांघरूण गेलें, तरी आपलें आहे. वर सांगितलेला मुलगा वसतिगृहांत आला, तेव्हां त्यानें आपली गोधडी ट्रंकेंत दडवून ठेविली होती. इतर मुलांपाशीं दुकानांतील रंगीत ब्लँकेटें होतीं, आणि याची गोधडी आईच्या जुन्या लुगड्यांची, ठिगळाठिगळांची. तो थंडींत कुडकुडत निजे, पण ती बाहेर काढीत नसे. हें कळल्यावर आम्हीं त्याला कांहीं बोललों नाहीं; दुसरे दिवशीं विज्ञानाच्या तासाला त्याच्याकडून ती गोधडी मागून घेतली. सारख्या दोन लोट्यांत सारखेंच कढत पाणी घेतलें. एक लोटा गोधडींत गुंडाळला व दुसरा उघडा ठेविला. अर्ध्या तासानें उष्णतामापकानें पाहिलें, तों उघड्या लोट्यांतील पाणी बरेंच निवालें होतें व गुंडाळलेलें अजून कढत होतें. नंतर बर्फाचे दोन सारखे खडे घेतले. "गोधडींतला आधीं वितळेल," असें वर्गांतील बहुतेकांनीं सांगितलें. झालें उलटें! उघडा खडा आधीं वितळला.

यावरून मुलांना जें समजलें, तें असें: गोधडी स्वतः ऊब उत्पन्न करीत नाहीं. वस्त्रांच्या अनेक थरांमध्यें जी हवा अडकून राहते, ती उष्णतेला सहजासहजीं जाऊं देत नाहीं. आंतली बाहेर नाहीं आणि बाहेरली आंत नाहीं. आपण निजतों तेव्हां आपल्याच देहाची ऊब गोधडी आपल्यासाठीं राखून ठेविते. जितके थर अधिक व टांके जितके नेटके, तितकी ती अधिक उपयोगी. त्या रात्रीं ती ट्रंकेंतील गोधडी खाटेवर आली. पुढें दोन मुलांनीं घरीं पत्र लिहून आपल्या आजीकडून गोधड्या मागविल्या, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

डेन्मार्कच्या लोकांनीं आपल्या लांबलचक रात्रींवर असाच एक उपाय केला आहे. त्यांच्या भाषेंत 'ह्युगे' असा एक शब्द आहे. तो मूळचा नॉर्वेकडील. मेणबत्तीच्या मंद उजेडांत चार जिवलग माणसांनीं घाई न करतां एकत्र बसावें, साधें कांहीं खावें, गोष्टी कराव्यात, या सुखाला ते 'ह्युगे' म्हणतात. २०१६ च्या सुमारास हा शब्द इंग्रजी भाषिकांतहि फार प्रचारांत आला, आणि त्या नांवावर महाग वस्तूहि विकल्या गेल्या. परंतु मूळ कल्पनेंत महाग असें कांहींच नाहीं. चुलीपुढें बसून खाल्लेली बाजरीची गरम भाकर, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, गुळाचा खडा, शेकोटीभोंवतीं रंगलेल्या आजोबांच्या गोष्टी, ही आपली 'ह्युगे'च नव्हे काय? जेवण झाल्यावर अंगणांत येऊन पूर्वेकडे पाहिलें, तर कृत्तिकांचा पुंजका व त्यामागून रोहिणी आणि मृग वर येतांना दिसतात. कार्तिकांतील पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ व मार्गशीर्षांतील मृगशीर्षाजवळ असतो. महिन्यांचीं नांवें त्यावरूनच पडलीं आहेत. हें पाहण्यास पैसा लागत नाहीं.

पालकांस येथें एक सूचना करणें आमचें कर्तव्य आहे. शेकोटी उघड्यावर असावी. खोलीचीं दारें-खिडक्या लावून आंत कोळशाची शेगडी ठेवून कधींहि निजूं नये. अपुऱ्या हवेंत कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या माणसास तो जागेंहि होऊं देत नाहीं. ऊब हवी, पण ती जिवावर बेतणारी नको.

शेवटीं एक गोष्ट. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून असंख्य कुटुंबें उसाच्या मुलखांत जातात, आणि हा सारा हेमंत पाचटाच्या किंवा प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोपींत काढतात. उजाडण्यापूर्वींच त्यांचा कोयता चालूं लागतो. पुष्कळांचीं मुलेंहि बरोबर जातात, आणि कित्येक शाळांतील बांक दिवाळीनंतर रिकामे होतात. आपल्या चहांतील व तिळगुळांतील गोडी त्या हातांतून आलेली आहे, हें उबेंत बसतांना विसरूं नये. आपल्या वर्गांतील कोणी असा गेला असेल, तर त्याच्यासाठीं धड्यांचीं टिपणें लिहून ठेवावींत. तो परत आला, कीं पहिल्या दिवशीं त्याला आपल्या शेजारीं बसवावें. घरांतील अधिकचें पांघरूण पेटींत ठेवण्यापेक्षां ज्याला नाहीं त्याला द्यावें.

गोधडीची ऊब एकाच थरानें येत नाहीं. अनेक जुने, विरलेले थर एकमेकांस घट्ट धरून राहतात, म्हणून ती येते. शाळेचें व समाजाचेंहि असेंच आहे. विद्यार्थिमित्रहो, या हेमंतांत रोजचा सूर्यास्त टिपा, कृत्तिका ओळखा, आईचें अथवा आजीचें शिवणें एकदां जवळ बसून पाहा. आणि तुमच्या वसतिगृहांत कोणी कुडकुडत निजत असेल, तर त्याच्या ट्रंकेंत काय दडलें आहे, याची प्रेमानें चौकशी करा.