सोसायटीचे दप्तर संगणकावर: सचिवास अधिक शिक्षण हवे हे कसे ओळखावे?

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९२३ साली लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी पतपेढी काढली. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे पीककर्ज व गावची सोसायटी यांचा संबंध इतका जुना आहे. किर्द, खतावणी व तेरीज हे सोसायटीचे दप्तर आणि ते लिहिणारा सचिव, ही व्यवस्था आपल्या आजोबांनीही पाहिली. आता ते दप्तर संगणकावर जात आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डमार्फत चालणाऱ्या या योजनेत सर्व संस्थांचे हिशेब ‘ईआरपी’ नावाच्या एकाच समाईक प्रणालीवर ठेवावयाचे आहेत.

हा बदल हिताचा आहे याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु यंत्र आले म्हणजे ते चालविण्याची विद्याही आली असे होत नाही. ती विद्या अपुरी राहिल्यास सभासदाचे नुकसान कसे होते व ही उणीव वेळीच कशी ओळखावी, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

नुकसान कोठे होते?

मुदतीत कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यास केंद्र सरकारची व्याजसवलत मिळते. उरलेल्या व्याजाचा भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने उतरतो. २०२१-२२ पासून ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास या दोहोंमुळे शून्य व्याज पडते. मात्र मुदत चुकली की सवलत गेली. सबब, भरलेल्या रकमेइतकेच भरण्याच्या तारखेस महत्त्व आहे.

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने दीड लाखाचे कर्ज २७ जून रोजी, म्हणजे मुदतीच्या तीन दिवस अगोदर, फेडले. हाती लिहिलेली पावती मिळाली. सचिवाने कागदी किर्दीत रक्कम त्याच दिवशी जमा धरली. पण संगणकावरील नोंदी तो आठवड्याने एकदम करीत असे. ही नोंद ४ जुलै रोजी झाली व यंत्राने तिला त्याच दिवसाची तारीख दिली. झाले, सभासद थकबाकीत गेला! ७ टक्के दराने वर्षाचे १०,५०० रुपये व्याज त्याच्या नावे निघाले. “भाऊसाहेब, पैसे तर तुमच्याच हातात दिले होते ना?” या त्याच्या प्रश्नास सचिवाजवळ उत्तर नव्हते. पावती जपून ठेवलेली होती म्हणून दोन महिन्यांच्या खेपांनंतर दुरुस्ती झाली. तो सचिव लबाड नव्हे. सव्वीस वर्षांत त्याच्या किर्दीत खाडाखोड आढळली नव्हती. नोंदीस तारीख कोठून येते, एवढेच त्यास कोणी शिकविले नव्हते.

दोष कोणाचा, हे आधी ठरवावे

नांगर खोल जात नसेल तर दोष फाळाचा, जमिनीचा की हाकणाऱ्याचा, हे आपण आधी पाहतो. येथेही तसेच करावे. पंचांनी सचिवास तीन व्यवहार द्यावे: एका सभासदास कर्जवाटप, एकाची अर्धवट फेड व एका चुकीच्या नोंदीची दुरुस्ती. ते त्याने प्रथम कागदावर लिहून दाखवावे. नंतर सरावाच्या खात्यावर संगणकात करून दाखवावे. सरावाची सोय नसल्यास कोणती पायरी कोणत्या क्रमाने करावयाची, ते तोंडी सांगावे.

कागदावर बरोबर व यंत्रावर चूक, तर त्यास प्रणालीचे शिक्षण हवे. दोन्हीकडे चूक, तर उणीव हिशेबाच्याच ज्ञानात आहे. संगणकाचा वर्ग कितीही भरविला तरी ती भरून येणार नाही. दोन्हीकडे बरोबर आणि तरीही रोजच्या कामात चुका, तर एकाच माणसावर दोन-तीन गावांचा भार आहे काय, वीज व इंटरनेट टिकते काय, की हयगय होते, हे पाहावे. येथे शिक्षणाचा खर्च व्यर्थ जाईल.

उणिवेच्या खुणा

परीक्षा घेण्यापूर्वीही पुढील खुणांवरून पुष्कळ समजते.

१. संगणक असूनही खरी वही निराळी असते. बाकी विचारली की सचिव पडदा न पाहता खणातील डायरी काढतो. संगणकावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही, असा याचा अर्थ.

२. तीच चूक त्याच पायरीवर पुन्हा पुन्हा होते. एकदा झालेली चूक अनवधानाची. दर महिन्यास होणारी चूक अज्ञानाची.

३. नोंदी साचतात. दिवसाचे काम त्याच दिवशी बंद न होता महिनाअखेरीस रात्री जागून होते.

४. काम एकालाच येते. तो रजेवर गेला की दप्तर बंद, किंवा त्याचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला व वापरणारा भलताच. ही खूण केवळ अज्ञानाची नव्हे, धोक्याचीही आहे.

५. आकडा निघतो, पण सांगता येत नाही. “यंत्रातच असे येते” हे उत्तर वारंवार ऐकू आल्यास पंचांनी सावध व्हावे.

यांपैकी एखादी खूण पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसल्यास घाबरू नये. नव्या कामात तसे होतेच. वर्ष लोटल्यावरही दोन-तीन खुणा एकत्र दिसत असतील तर मात्र विलंब करू नये.

शिक्षण कसे द्यावे?

आम्ही महसूल कचेरीत असताना हाती लिहिलेले सातबारा उतारे संगणकावर गेले. त्या वेळी नावांच्या व क्षेत्रांच्या किती चुका झाल्या हे वाचकांस ठाऊक आहे. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले तेव्हा खातेदारांनी त्या दाखविल्या व कलम १५५ खाली दुरुस्त्या झाल्या. आम्ही स्वतः या कामास नवखे होतो. मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखविलेले दुसऱ्या दिवशी विसरलो. शेजारी बसून एकाने आमच्याच गावची नोंद आमच्याच हाताने करविली, ते अद्याप लक्षात आहे.

म्हणून शिक्षण आपल्याच संस्थेच्या पावत्यांवर व मराठीत द्यावे. ते कर्जवाटपाच्या व वसुलीच्या घाईत ठेवू नये. एका वेळी एकच काम शिकवावे. तारीख, व्याज-आकारणी, चूक दुरुस्ती व दिवसअखेर या चार गोष्टी प्रथम घ्याव्या. शेजारच्या ज्या सोसायटीचे काम चोख चालते तेथे सचिवास दोन दिवस बसवावे. त्याच्याबरोबर दुसरा एक माणूस तयार करावा. महिन्याने वरील तीन व्यवहारांची परीक्षा पुन्हा घ्यावी. तीत सुधारणा दिसली तरच शिक्षण लागू पडले असे मानावे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम २४-अ प्रमाणे सभासद, पदाधिकारी व नोकर यांच्या शिक्षणाची तजवीज करणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. सबब, हा खर्च कोणी उधळपट्टी समजू नये.

सभासदांचे कर्तव्य

पैसे भरताच पावती घ्यावी व तीवरील तारीख तेथेच वाचावी. मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी भरणा करावा आणि मुदतीच्या आत आपल्या खात्याचा संगणकातील उतारा मागून पावतीशी ताडून पाहावा. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होते. तिच्यापूर्वी प्रत्येक सभासदास त्याच्या खात्याचा उतारा द्यावा, असा ठराव पंचांनी करावा. सातबाऱ्याच्या चुका चावडीवाचनाने सापडल्या, तशा सोसायटीच्या चुका या उताऱ्यांनी सापडतील, आणि त्या कोणत्या पायरीवर होतात हे कळले की काय शिकवावयाचे तेही कळेल.

शेवटी एक विनंती. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा मोबाईलवर पीक नोंदविण्यास आपल्यापैकी कित्येकांनी मुलानातवंडांस हाक मारली. त्यात आपणांस कमीपणा वाटला नाही. मग ज्याने उमेदीची वर्षे आपली खाती बिनचूक लिहिली, त्या सचिवास “हे मला येत नाही” असे निर्भयपणे म्हणता यावे, एवढी मोकळीक आपण द्यावयास नको काय? भीतीने झाकलेली चूक व्याजासह वाढते आणि ते व्याज अखेर सभासदासच भरावे लागते.