त्वचेची रूक्षता : तेले, जीवनसत्त्वे आणि आपला विवेक

मार्गशीर्षातील कोरडे वारे वाहू लागले की आपल्या चिकित्सालयांत एक तक्रार हमखास वाढते. नडग्यांवर खवले धरतात, नखाने ओढले असता पांढरी रेघ उमटते, टाचा भेगाळतात आणि रात्री अंथरुणात शिरताच खाज सुटते. अशा रुग्णास आपण सराईत हाताने तेल लिहून देतो. औषधालयाच्या फळीवरही 'नैसर्गिक' आणि 'जीवनसत्त्वयुक्त' अशी बिरुदे मिरवणाऱ्या बाटल्या दाटीने उभ्या असतात. विषय इतका परिचित, की त्याचा पुन्हा अभ्यास करावा असे आपल्याला क्वचितच वाटते. आम्हालाही वाटले नव्हते. एका रुग्णेने ती गरज दाखवून दिली.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात ६८ वर्षांच्या एक गृहिणी आमच्याकडे आल्या. वातप्रकोपजन्य रूक्षता असे निदान करून आम्ही तिळतेलात सिद्ध केलेले तेल अभ्यंगासाठी दिले आणि त्यात जीवनसत्त्व 'ई'ची कॅप्सूल फोडून मिसळण्यास सांगितले. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्या लाल झाल्या, बारीक पुरळ उठले, झोप उडाली. आम्ही रक्तदुष्टीचा विचार करून पोटातील औषधे वाढविली. आणखी आठ दिवस गेले. शेवटी त्यांच्या सूनबाई बाटली घेऊन आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "डॉक्टर, या तेलाला खवट वास येतो. आईंना तो पहिल्या दिवसापासून जाणवत होता. पण तुम्ही दिलेले म्हणून त्या लावत राहिल्या."

ते तेल आमच्याच औषधालयातील होते. मागील हिवाळ्यात उघडलेल्या मोठ्या डब्यातून ते भरले होते आणि बाटल्या खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात ठेवल्या होत्या. आम्ही तेल व कॅप्सूल दोन्ही बंद केली, शतधौत घृताचा पातळ लेप दिला आणि त्वचा शांत झाल्यावर ताजे तेल सुरू केले. रुग्णा बऱ्या झाल्या. परंतु दोन्ही द्रव्ये एकदमच सुरू आणि एकदमच बंद केल्यामुळे नेमका दोष तेलाचा की कॅप्सूलचा, हे आम्हाला सिद्ध करता आले नाही. प्रस्तुत लेख त्या चुकीतून केलेल्या अभ्यासाचे फलित आहे.

त्वचेतील पाणी आणि स्नेह

चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेचे सहा थर सांगितले असून सर्वांत बाहेरच्या थरास 'उदकधरा' म्हटले आहे. उदकधरा म्हणजे पाणी धारण करणारी. आधुनिक शास्त्र या कार्याचे श्रेय स्ट्रॅटम कॉर्नियम या वरच्या थरास देते. मृत पेशींच्या विटा आणि त्यांमधील स्नेहाचा गिलावा अशी त्याची रचना सांगितली जाते. या गिलाव्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले असतात. वार्धक्याने, कोरड्या हवेने, कढत पाण्याने किंवा तीव्र साबणाने हा गिलावा विरळ झाला की आतील पाणी बाष्परूपाने निसटते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : तेल त्वचेस पाणी देत नाही, असलेले पाणी राखते. कोरड्याठाक त्वचेवर कितीही तेल थापले तरी त्वचा तुळतुळीत दिसेल, पण तिची तहान पुरती भागेलच असे नाही.

तेलांची निवड

सर्व तेले सारखी नव्हेत. त्यांचे गुण मेदाम्लांच्या प्रमाणावर बरेच अवलंबून असतात.

१) तिळतेल : ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन्ही मेदाम्ले साधारण समप्रमाणात असतात. यांतील लिनोलेइक आम्ल त्वचेच्या सेरामाइडांचा घटक आहे. तिळातील सेसमिन, सेसमॉल इत्यादी द्रव्ये तेलास खवट होण्यापासून काही अंशी वाचवितात. वातशमन आणि अभ्यंग यांसाठी आचार्यांनी तिळतेलास दिलेला मान सर्वज्ञात आहे.

२) खोबरेल : सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त, त्यांत निम्मे लॉरिक आम्ल, म्हणून ते सावकाश खवटते. फिलिपाइन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल व खनिज तेल दोन्हींनी त्वचेची आर्द्रता वाढली. खनिज तेलही उणे ठरले नाही, ही बाब 'नैसर्गिक' या एका शब्दावर विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

३) ऑलिव्ह तेल : यात ओलेइक आम्ल फार. इंग्लंडमधून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील एका छोट्या अभ्यासात ते नियमित लावल्याने त्वचेचा वरचा थर दुबळा झाला व सौम्य लाली आली. सूर्यफूल तेलाने मात्र तो थर टिकला. बाळाच्या मालिशीसाठी महागडे ऑलिव्ह तेल सुचविण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

४) एरंडेल : दाट व चिकट. सर्वांगास गैरसोयीचे, परंतु टाचांच्या भेगांवर रात्री थोडे लावून मोजे घालण्यास उपयुक्त.

अष्टांगहृदयात कफग्रस्त, नुकतेच संशोधन झालेला आणि अजीर्णी यांना अभ्यंग निषिद्ध सांगितला आहे. मुखदूषिका असलेल्या चेहऱ्यावर आणि कोंडा असलेल्या डोक्यावरही तेलाचा आग्रह धरू नये. कोंड्याशी निगडित मॅलॅसेझिया या बुरशीचे पोषण स्निग्ध द्रव्यांवरच होते.

जीवनसत्त्वे : अपेक्षा आणि वास्तव

जीवनसत्त्व 'ई' हे तेलातील नैसर्गिक रक्षक आहे. मात्र बाजारातील कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असते. हे रूप स्वतः टिकाऊ असले तरी बाटलीतील तेलाचे ऑक्सिडीकरण रोखत नाही. त्वचेत त्याचे विघटन झाल्यावरच टोकोफेरॉल मोकळे होते. म्हणजे कॅप्सूल फोडून घातल्याने तेल टिकेल, ही समजूत चुकीची आहे. खवटलेले तेल तर कशानेच पूर्ववत होत नाही. शिवाय जीवनसत्त्व 'ई' काहींना सोसत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ते लावलेल्या १५ रुग्णांपैकी एक तृतीयांश रुग्णांना स्पर्शजन्य त्वचादाह झाला आणि व्रण सुधारले नाहीत.

जीवनसत्त्व 'सी' पाण्यात विरघळते, तेलात नाही. हवा व प्रकाशाने ते लवकर नष्ट होते. तेलात लिंबाचा रस किंवा आवळ्याचे चूर्ण ढवळून ते मिळत नाही. जीवनसत्त्व 'ए' अर्थात रेटिनॉल प्रकाशाने बिघडते व रूक्ष त्वचेची आग वाढवू शकते. गर्भिणीस ते टाळावे. रूक्षतेत अधिक उपयोगी पडतात ती 'बी' गटातील दोन : सेरामाइडांची निर्मिती वाढविणारे निकोटिनामाइड आणि पाणी धरून ठेवणारे पँथेनॉल. ही दोन्ही पाण्यात विरघळत असल्याने त्यांचे स्थान मलमात आहे, तेलाच्या बाटलीत नाही.

पाणी आणि स्नेह एकत्र आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. शतधौत घृत हे तिचेच उदाहरण होय. मात्र पाण्याच्या अंशामुळे ते लवकर बिघडू शकते. म्हणून थोडेच करून थंड जागी ठेवावे आणि बोटाऐवजी स्वच्छ चमच्याने काढावे.

वापरण्याची रीत

स्नानापूर्वी अभ्यंग अवश्य करावा. स्नान कोमट पाण्याने, थोड्या वेळात उरकावे. नडग्यांना साबण लावू नये. अंग टिपून, ते ओलसर असतानाच तेलाचा अगदी पातळ हात पुन्हा फिरवावा. दोन्ही हात-पायांस दहा ते पंधरा मिलिलिटर पुरते. नवे तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावे आणि एका वेळी एकच नवे द्रव्य सुरू करावे. वृद्धांना तळपायास तेल लावून न्हाणीघरात जाऊ देऊ नये. घसरून मोडलेले हाड रूक्षतेपेक्षा फार महाग पडते. तेलाने भिजलेले कपडे लवकर पेट घेतात, म्हणून शेगडीपासून दूर बसण्यास सांगावे.

दोन आठवड्यांत उतार न पडल्यास केवळ तेल बदलत बसू नये. मधुमेह, वृक्करोग, यकृतविकार व थायरॉइडची मंदता यांतही त्वचा कोरडी पडते किंवा खाज सुटते. घरातील इतरांनाही खाज असल्यास खरजेचा विचार करावा. योग्य तपासणी वेळेवर होणे हीसुद्धा चिकित्साच आहे.

औषधालयधारकांसाठी

प्रकाश, उष्णता, हवा आणि धातू हे तेलाचे चार शत्रू आहेत. तेल गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या लहान बाटल्यांत ठेवावे. तांब्या-पितळेच्या वा लोखंडी भांड्यात साठवू नये, कारण या धातूंमुळे ऑक्सिडीकरण वेग घेते. जुन्या डब्यात नवे तेल ओतू नये. तळाचे खवट तेल सगळ्यास बिघडविते. छापील मुदत बंद बाटलीसाठी असते, म्हणून उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी. शंका आल्यास प्रयोगशाळेतून आम्लमूल्य, पेरॉक्साइड मूल्य व खवटपणाची चाचणी करून घ्यावी. आणि या सर्वांआधीची, बिनखर्चाची चाचणी म्हणजे वास. तेल ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी ते एकदा स्वतः हुंगावे.

समारोप

सिद्ध तेलामागे कल्क, द्रव आणि पाक यांचे मोठे शास्त्र उभे आहे. परंतु उत्तम पाकाचे तेलही अयोग्य साठवणीने वाया जाते आणि त्याचा दोष अखेर आयुर्वेदाच्या माथी येतो. आपण दिलेले तेल रुग्ण शंका न घेता लावतो, वास खुपला तरी लावतो. त्या रुग्णेने आमच्यावर ठेवलेला तसला विश्वास आम्ही त्यानंतर गृहीत धरलेला नाही. आमच्या व्यवसायबंधूंनीही आज आपल्या औषधालयातील एकेक बाटली उघडून पाहावी, एवढीच विनंती.